चार लाल काड्या

भिवंडीच्या बाजारात एका गल्लीत एका डॉक्टरांचा दवाखाना होता. दवाखान्याला लागून एक लहानशी खोली होती, तिला सगळे लॅब म्हणत. एक मायक्रोस्कोप, एक स्पिरिटचा दिवा, एक बेसिन आणि लाल-निळ्या डागांनी कायमचं रंगलेलं एक टेबल. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लागलो आणि नव्वदचं दशक सरता सरता बाहेर पडलो. एवढ्या वर्षांत मी लोकांचं रक्त, लघवी आणि मुख्यतः थुंकी तपासली. या काळात मी एक रिपोर्ट खोटा दिला. एकच. त्या रिपोर्टमुळे एका परक्या माणसावर आळ आला. तो माणूस केव्हाच गेला, पण आळ आमच्या नात्यात अजून गोष्ट म्हणून सांगितला जातो. तो उतरवायचा म्हणून हे लिहितो आहे.

लॅबच्या मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा कारखाना होता. दिवसभर भिंत थरथरायची. बाटल्यांतलं पाणी मी कधी स्थिर पाहिलं नाही. भिंगाखालचं चित्रही सतत किंचित हलत असे, जणू काचेवरचं सगळं श्वास घेतं आहे. पण दुपारी लाइट गेली की सगळं गाव एका क्षणात गप्प व्हायचं. भिवंडीबाहेरच्या माणसाला ती शांतता समजणार नाही. कान दुखायला लागायचे. माझा मायक्रोस्कोप आरशावर चालायचा, खिडकीतला उजेड पुरे व्हायचा, त्यामुळे लाइट गेली की माझं काम उलट चांगलं होई. चित्र हलायचं थांबे. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून खोकला ऐकू येई. एक खोकला, मग दुसरा, मग लांबून तिसरा. लूम चालू असताना हे खोकले कुठे जात होते, असा विचार मनात यायचा. ते तिथेच असायचे, आवाजाखाली दबलेले.

मी बारावी सायन्स आणि वर्षभराचा एक कोर्स एवढ्यावर तिथे बसलो होतो. बाकीचं डॉक्टरांनी शिकवलं. त्यांना दुपारच्या चहाबरोबर शिकवायची हौस होती.

"कावीळ आणि टायफॉइड, दोन्ही एकाच नळातून येतात," ते एकदा म्हणाले. "एकाचा जंतू तुमच्या या भिंगातून दिसू शकतो, दुसऱ्याचा नाही. का?"

"लहान असतो म्हणून."

"लहान तर आहेच. त्याला या भिंगातून बघणं म्हणजे बैलगाडीतून विमान पकडणं. पण नुसता लहान नाही हो, जातच वेगळी. टायफॉइडचा तो जिवाणू. जिवाणू म्हणजे भाडेकरू समजा. स्वतःची चूल, स्वतःची भांडी घेऊन येतो. तुमच्या घरात शिरतो, तुमचं खातो, पोरं वाढवतो, धुराने आणि सांडपाण्याने घर नासवतो. पण तो स्वतः जगत असतो, म्हणून त्याला मारता येतं. चूल फोडायची, भिंत पाडायची. आपली ॲन्टिबायोटिकं तेच करतात. कावीळ देतो तो विषाणू. त्याला चूल नाही, भांडी नाहीत, भूकसुद्धा नाही. मग तुमची ती कॅप्सूल त्याचं काय फोडणार?"

"मग तो करतो काय?"

डॉक्टरांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. "समजा, कुणीतरी त्या कारखान्यात शिरलं आणि कापडावरची नक्षी ठरवणारी डिझाइनची पट्टी बदलून गेलं. लूम शेठचे, सूत शेठचं, कारागीर शेठचे. कापड मात्र त्याचं निघायला लागलं. आणि त्या कापडात काय विणलंय? तशाच हजारो पट्ट्या. शेवटी लूम मोडून पडतो आणि पट्ट्या शेजारच्या कारखान्यांत जातात. विषाणू म्हणजे फक्त ती पट्टी."

"बाहेर असतो तेव्हा जिवंत असतो का?"

"जिवंत म्हणवत नाही आणि मेलेला तर नसतोच," डॉक्टर कप खाली ठेवत म्हणाले. "अशा गोष्टीला आपल्या गावाकडे वेगळं नाव आहे, ते मी दवाखान्यात घेत नाही."

त्या काळात 'व्हायरल' हा शब्द नवा होता आणि लोकांना तो आवडायचा. ताप व्हायरल आहे म्हटलं की माणूस हसत घरी जायचा. व्हायरल म्हणजे चार दिवसांत आपोआप जाणारं, असा त्याचा अर्थ झाला होता. तो खोटा आहे हे मला माहीत होतं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्यातूनही विषाणूच येतो. पण मला त्या शब्दाचा दुसराच उपयोग कळला होता. विषाणू आमच्या लॅबमध्ये कुणालाच दिसू शकत नव्हता. त्यामुळे 'व्हायरल' म्हटल्यावर 'दाखव' असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

क्षयाचा जिवाणू मात्र दिसायचा. त्याच्यावरच माझी नोकरी उभी होती. थुंकी काचेवर पसरायची, लाल रंग ओतून खालून दिव्याने वाफ येईपर्यंत तापवायची, मग आम्लाने धुवायची. बाकी सगळ्यांचा रंग आम्लात निघून जातो. क्षयाच्या जिवाणूच्या अंगावर मेणासारखा थर असतो, तो रंग सोडत नाही. शेवटी निळा रंग दिला की निळ्या जमिनीवर बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या दिसतात. सुताचे तुकडे पडावेत तशा. बाकीचे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, हा त्याला जवळजवळ दिवस लावतो. त्याला घाई नसते. शरीरातले पहारेकरी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग शरीर त्याच्याभोवती भिंत बांधतं. भिंतीआड तो वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो. माणूस खचला की कधीतरी उठतो, भिंत विरघळवतो आणि फुप्फुसात पोकळी करून बसतो. डॉक्टर म्हणायचे, या गावातल्या निम्म्या छातींत कुणीतरी झोपलेलं आहे. थुंकीच्या डब्या घेऊन रांगेत बसलेल्या माणसांकडे मी पाहायचो तेव्हा मला ते वाक्य आठवायचं आणि मी माझाच श्वास मोजायला लागायचो.

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ पडघ्याजवळच्या गावातला. त्याला लूमवर मीच लावलं, आणि तेही आमच्या भिंतीपलीकडच्याच कारखान्यात, कारण तिथला शेठ ओळखीचा होता. मेव्हणा हुशार निघाला, सहा महिन्यांत लूम सांभाळायला लागला. लूमवर आडवं सूत नेणारा लाकडी धोटा असतो; त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. त्यासाठी आकडा असतो. पण आकडा शोधेपर्यंत लूम उभा राहतो. म्हणून कारागीर धोटा तोंडाला लावून जोरात श्वास ओढायचे, की टोक थेट जिभेवर. कुणालाही विचारा, हाच बरोबर मार्ग असं सांगायचे. दिवसभर एकाच्या तोंडाला लागलेला धोटा शिफ्ट बदलली की दुसऱ्याच्या तोंडाला. वाऱ्याने आणि कोरड्या हवेने सूत तुटतं म्हणून कारखान्याच्या खिडक्या कायम बंद.

कारखान्यावर लाकडी माळा होता. तिथे अंथरुणं होती, आणि एका अंथरुणावर दोन माणसं, पण कधीही एकत्र नाहीत. दिवसपाळीवाला सकाळी आठला उतरायचा, रातपाळीवाला चढायचा. रात्री आठला उलट. मेव्हण्याची दिवसपाळी होती. त्याच लूमवर आणि त्याच अंथरुणावर रातपाळीला उत्तर प्रदेशातला एक माणूस होता. वर्ष-दीड वर्ष ते दोघे एक यंत्र, एक चादर, एक उशी वापरत होते, आणि त्यांची भेट म्हणजे पाळी बदलताना लूमजवळची दोन मिनिटं. तीही त्या आवाजात, म्हणजे बोलणं शून्य. शुक्रवारी सुट्टी असली की मेव्हणा गावी जायचा.

"भावोजी," तो मला हसत म्हणाला होता, "लगीन व्हायच्या आदीच माजं अंथरूण कुनीतरी गरम करून ठेवतंय."

"मग लग्नानंतर काय करशील?"

"मंग त्याला सांगंन, भाऊ, आता तू दुसरी बघ."

त्याचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, महिन्यावर लग्न होतं. तेव्हा एका दुपारी तो लॅबमध्ये आला. हातात औषधाची रिकामी बाटली, तिच्यात थुंकी. तीन आठवडे खोकला जात नव्हता, संध्याकाळी अंग तापत होतं.

"डॉक्टरकडं न्हाय नेली," तो म्हणाला. "तुमच्याकडं आनली. डॉक्टर कागदावर लिवंल, मंग शेठला कळंल, शेठकडून गावात जाईल. तुमी बगा आनि मलाच सांगा."

"काही नसेल रे."

"नसंलच. पन बगा."

तो कारखान्यात परतला आणि मी स्लाइड केली. त्या काळात आम्ही काचा धुऊन पुन्हा वापरायचो. नव्या काचांची पेटी संपली की महिना-महिना मिळत नसे. साबणात भिजवायच्या, कोऱ्या कापडाच्या चिंध्यांनी पुसायच्या. जुन्या काचेवर ओरखडे पडतात आणि ओरखड्यात कधीकधी आधीच्या माणसाची एखादी काडी अडकून राहते. हे मला माहीत होतं. म्हणूनच नियम होता: शंका आली तर नव्या काचेवर पुन्हा करायचं, आणि तीन दिवसांची तीन वेळची थुंकी बघायची.

मी बघत होतो तेवढ्यात लाइट गेली. लूम थांबले. चित्र एकदम स्थिर झालं, आणि निळ्या जमिनीवर मला एक लाल काडी दिसली. मग काच सरकवत सरकवत आणखी एक. मग बऱ्याच वेळाने दोन, एकीवर एक आडवी पडलेल्या. चार. त्याच वेळी भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं, आणि तो खोकला मी ओळखला. थोड्या वेळापूर्वी माझ्यासमोर उभा होता तोच. मी भिंगाला डोळा लावून बसलो होतो, समोर काड्या, आणि कानात तो. एका माणसाच्या आत आणि बाहेर एकदम बसल्यासारखं वाटलं.

मी स्वतःला सांगितलं, काच जुनी आहे. ओरखडे आहेत. त्या दिवशी सकाळी याच ढिगातल्या काचांवर एका म्हाताऱ्याची थुंकी होती, काड्यांनी भरलेली. चार काड्या त्याच्याच असतील. हे अगदीच अशक्य नव्हतं. नवी काच घेऊन पुन्हा करायला पाऊण तास लागला असता, आणि नव्या काचा त्या दिवशी माझ्या खणात होत्या. नव्या काचेने खरं उत्तर दिलं असतं, म्हणूनच मी ती घेतली नाही.

मला सासूबाईंचा चेहरा दिसत होता. तेव्हा टीबी म्हटलं की सोयरीक मोडायची, आणि नंतरही त्या घराकडे कुणी मुलगी घेऊन जात नसे. मी वहीत लिहिलं, चिठ्ठीवरही लिहिलं: क्षयाचे जिवाणू आढळले नाहीत. खाली लॅबचा शिक्का मारला.

"मंग काय हाय?" चिठ्ठी न्यायला आलेल्या मेव्हण्याने विचारलं.

"व्हायरल," मी म्हणालो. "ताप येऊन गेला, खोकला मागे राहिलाय. जाईल."

दिसणाऱ्याचा गुन्हा मी न दिसणाऱ्याच्या नावावर टाकला. मेव्हण्याने चिठ्ठी घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि माझ्या पाया पडल्यासारखं केलं, थट्टेने.

लग्न झालं. मी पंगतीत वाढलं. त्याचा खोकला कमी व्हायचा, पुन्हा वाढायचा. बायको गावीच होती, हा शुक्रवारी जायचा. प्रत्येक वेळी लाइट गेली की मी भिंतीला कान द्यायचो आणि दिलाच नाही असं स्वतःला दाखवायचो. दोन-तीनदा तोंडाशी आलं, की बाबा, पुन्हा एकदा थुंकी आण. पण पुन्हा तपासायचं म्हणजे आधीच्या चिठ्ठीचं काय सांगायचं? दिवस जितके जात, तितकं विचारणं अवघड होत गेलं.

त्या चिठ्ठीनंतर पाचेक महिन्यांनी रातपाळीवाला आला. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं. गमछ्याच्या टोकावर रक्ताचा डाग होता. त्याची स्लाइड मोजायची गरजच पडली नाही. जिथे बघावं तिथे लाल काड्या, जुडग्यांनी, गुंत्यांनी, निळं फारसं उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि कारखान्यात निरोप पाठवला, की त्याच्याबरोबरच्यांना तपासून घ्या.

त्यानंतर कारखान्यात जे झालं ते तासाभरात झालं. शेठ मला दारात भेटला, तो हादरला होता. "काय सांगू तुला, इतकी माणसा हायत माज्याकडे. त्याला आज काढतो. माळा धुवून घेतो." माळ्यावरचं अंथरूण कारागिरांनी लांब बांबूने खाली ओढलं आणि गल्लीच्या तोंडाशी जाळलं. कापूस जळायला वेळ लागतो. दिवसभर धूर येत राहिला, आणि त्याला माणसाच्या घामाचा वास होता. "अपने मुलुक से लेके आया," असं बायाबापड्यासुद्धा म्हणायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याची थुंकी आली. या वेळी मी नवी काच घेतली. त्याचीही भरलेली होती. डॉक्टरांनी वही मागे चाळली, पाच महिन्यांपूर्वीची माझी नोंद वाचली आणि म्हणाले, "बघा, पोरगा साफ होता. त्याच्या शेजारी झोपून लागलं." शेजारी ते कधीच झोपले नव्हते, एवढंसुद्धा मी बोललो नाही.

दोन दिवसांनी सकाळी रातपाळीवाला लॅबच्या दाराशी आला. पत्र्याची पेटी पायाशी, तोंडावर गमछा. कल्याणहून दुपारची गाडी होती. मी आत ये म्हटलं तर आला नाही.

"नहीं साहब, यहीं ठीक है. एक बात पूछनी थी."

"पूछो."

"वो दिन पाली वाला भाई... उसको मेरे से ही लगा ना? उसकी तो नई शादी है."

मी बेसिनचा नळ चालू केला, उगाच.

"उसको बहुत खाँसी थी पहले," तो म्हणाला. "मैंने इशारे से पूछा था, क्या हुआ. उसने पर्ची दिखाई, यहाँ की. किसी से पढ़वाई मैंने. साफ़ लिखा था उसमें. तो फिर मेरे से ही लगा होगा, और किससे."

म्हणजे तो घाबरला होता. घाबरून त्याने विचारलं होतं. माझी चिठ्ठी पाहून तो पुन्हा त्याच अंथरुणावर झोपायला गेला होता.

तिथे मी सांगू शकलो असतो. गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "अब वो सोचके क्या फ़ायदा. दवा मत छोड़ना." आणि कपाटातून महिनाभर पुरतील एवढ्या गोळ्या काढून त्याच्या हातात दिल्या, कोणती कधी घ्यायची ते दोनदा सांगितलं. त्याने गोळ्या पेटीत ठेवल्या.

"उससे बोलिएगा," तो म्हणाला, "माफ़ करे. जानके नहीं किया."

"बोलता हूँ."

आणि मी खरंच सांगितलं. त्याच संध्याकाळी मेव्हण्याला पहिलं इंजेक्शन देताना मी त्याला निरोप दिला, की तो माफी मागून गेला. मेव्हणा उशीत तोंड घालून पडला होता. म्हणाला, "जाऊं दे, भावोजी. मुद्दाम थोडीच केलं त्यानं."

मेव्हण्याचं औषध मी एक दिवस चुकू दिलं नाही. इंजेक्शनं मी स्वतः दिली, गोळ्या माझ्यासमोर गिळायला लावल्या. तो बरा झाला. त्याच्या बायकोला काही झालं नाही. त्यात माझं काही कर्तृत्व नाही. वर्षभराने कारखान्यातला एक कारागीर कमरेचं दुखणं घेऊन डॉक्टरांकडे आला. तो त्या माणसाच्या तालुक्यातला होता. मी विचारलं. "वो? वो तो उधरीच गुज़र गया," तो म्हणाला. "गोली ख़तम हुआ, थोड़ा अच्छा लगा, फिर लिया नहीं."

पुढे बरीच वर्षं मी शास्त्राच्या आड बसून राहिलो. नव्वदच्या दशकात कधीतरी मी डॉक्टरांना दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं, की दोघे एका धोट्याला तोंड लावतात, तर कुणी कुणाला दिलं हे कळेल का?

"नाही कळणार," डॉक्टर म्हणाले. "कदाचित दोघांना तिसऱ्याने दिलं असेल. कदाचित दोघांच्या छातीत लहानपणापासून असेल. पण तुम्ही धोट्याच्या मागे फार लागू नका. थुंकीपेक्षा हवा वाईट. माणूस खोकला की बारीक थेंब उडतात, वाळतात, आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. खोकणारा जिना उतरून गेला तरी त्याचा खोकला खोलीत उभा असतो."

त्या रात्रीपासून मला माळा दिसायला लागला. मी तो एकदाच चढलो होतो, पण तो मला तपशिलाने दिसायचा. बंद खिडकी. फटीतून आलेला उजेड. सकाळी आठला एकजण उतरून जातो. खोली रिकामी आहे असं वाटतं. मग दुसरा येतो, चादर ओढतो, दमलेला असतो म्हणून खोल श्वास घेतो, आणि खोलीत आधीपासून उभं असलेलं ते त्याच्या आत जातं. कोण कुणाला भेटलं नाही. कुणी कुणाला हात लावला नाही.

कुणी कुणाला दिलं हे कळणार नाही, हे खरं आहे. मी त्या वाक्यावर खूप वर्षं काढली. पण जे कळतं तेही खरं आहे. मेव्हण्याच्या थुंकीत त्या माणसाच्या पाच महिने आधी काड्या होत्या. माझ्या चिठ्ठीमुळे मेव्हणा औषधाविना त्या खोलीत खोकत राहिला. आणि त्या चिठ्ठीच्या भरवशावर दुसरा माणूस तिथे झोपत राहिला.

दरम्यान गोष्ट वाढत होती. मेव्हणा ती लग्नाकार्यांत सांगायचा, बरा झालेला माणूस म्हणून त्याला ती सांगायचा हक्क होता. आधी गोष्ट एवढीच होती, की त्या भैयाकडून मला लागलं. मग तो पुढे म्हणायला लागला, "रात्री माज्या तोंडावर खोकायचा. मी कूस बदलायचो." एका बारशाला मी हे पहिल्यांदा ऐकलं. रात्री तो माणूस खाली लूमवर असायचा. ते दोघे त्या खोलीत एका वेळी एकदाही नव्हते. मेव्हणा खोटं बोलत नव्हता. त्याला आता ते आठवत होतं. माझ्या एका ओळीतून निघालेलं काहीतरी त्याच्या डोक्यात शिरून स्वतःच्या प्रती काढत बसलं होतं.

आता डॉक्टर नाहीत, शेठ नाही, माझी बायकोही नाही. या वर्षी एका शुक्रवारी मी कोन गावाहून गाडी धरून मेव्हण्याच्या घरी गेलो. तो ओटीवर बसला होता, त्याची बायको तांदूळ निवडत होती. त्याच्या नातवाला ताप होता. सून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काय न्हाय, व्हायरल हाय म्हंतात डॉक्टर."

"व्हायरल बरा," मेव्हणा तिला म्हणाला. "आमच्या येळचं तुला ठावं न्हाय. माज्यासंगं एक भैया व्हता..."

"ती गोष्ट तशी नाही," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. जुनी काच, खणातल्या नव्या काचा, वहीतली ओळ, दाराशी उभा राहिलेला माणूस. सांगायला फार वेळ लागला नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. मेव्हण्याच्या बायकोचे हात सुपात थांबले होते. सगळ्यांत आधी तीच बोलली.

"म्हंजी लग्नाआदी तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"आनि मला कुनी इचारलं?"

तिने सूप बाजूला सरकवलं. माझ्याकडे ती पुन्हा बघेना.

"भावोजी," मेव्हणा म्हणाला, "त्यानं माफी मागितली ती तुमीच घेऊन आलाव ना माज्याकडं?"

"हो."

"आनि मी केलं माफ. मोट्या मनानं." तो हसला नाही. "आता त्याचं मी काय करू?"

सून दाराला टेकून सगळं ऐकत होती. तिने साधं विचारलं, "दिसायला कसा व्हता तो?"

"उंच व्हता," मेव्हणा म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या खांद्याला लागेल एवढा."

"दाढी व्हती."

"नव्हती रे. गमछा होता तोंडावर."

"गमछा व्हता तर तुमाला दाढी कशी दिसंल?"

मी त्याच्या छातीतलं काचेवर पाहिलं होतं, हा दीड वर्ष त्याच्या उशीवर झोपला होता, आणि आम्हाला त्याचा चेहरा जमत नव्हता.

"मी त्याला धड बगितलाच न्हाय," मेव्हणा शेवटी सुनेला म्हणाला. "तोंडावर खोकायचा म्हंतो मी, पन तसं न्हवतं. उशीला मोहरीच्या तेलाचा वास यायचा. तेवढंच ठावं हाय."

त्याची बायको उठली, सूप उचललं आणि आत जाता जाता म्हणाली, "मंग हितून पुढं सांगायचं झालं तर तेवढंच सांगा."